नकोशी ओपनिंग आणि वरचढ खेळाडू : ऑनलाइन बुद्धिबळात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, सोबत भाचा. भुसावळचा उन्हाळा, दुपारी बाराच्या पुढे बाहेर पाय ठेवायची सोय नाही. कूलरसमोर सतरंजी टाकून पोरगा मोबाइलवर बुद्धिबळ खेळत बसला होता. वय चौदा, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, नऊशेच्या आसपास. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. त्याने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि समोरच्याने लगेच राजासमोरचं प्यादं त्याच्या तोंडाशी आणून ठेवलं.

"मामा, हा फुकट प्यादं देतोय!"

"फुकट कुणी काही देत नाही. बघून घे."

त्याने न बघता घेतलं. पुढच्या सात चालींत त्याच्या राजाला मात झाली. मोबाइल सतरंजीवर पालथा टाकून तो म्हणाला, "असल्या घाण ओपनिंग खेळणाऱ्यांना मी ब्लॉकच करणार. आणि डी४ खेळणंच बंद."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे. कारण हेच वाक्य मी आजवर कितीतरी नव्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलं आहे. कुणी लंडन सिस्टीम नावाच्या ओपनिंगला कंटाळून खेळ सोडतो, कुणी दुसऱ्याच चालीला बाहेर आलेल्या वजिराला घाबरतो, कुणी आपल्यापेक्षा दोनशे रेटिंग जास्त दिसलं की डाव सुरू व्हायच्या आत रद्द करतो. या सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे: जी ओपनिंग, म्हणजे डाव सुरू करायची चालींची पद्धत, नकोशी वाटते, ती काही दिवस स्वतः खेळा. तसं का म्हणतो आणि ते कसं करायचं, ते आता क्रमाने सांगतो.

आधी चालींची भाषा. पटाच्या उभ्या रांगांना डावीकडून ए ते एच अशी अक्षरं आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. ई४ म्हणजे पांढऱ्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची. चालीच्या आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची. एवढं कळलं की पुढचं सगळं पट मांडून बघता येईल, आणि कृपा करून पट मांडूनच बघा. नुसतं वाचून बुद्धिबळ डोक्यात बसत नाही.

पहिली पायरी : हरलेला डाव उघडून नेमकं कुठे चुकलं ते बघा

भाच्याचा डाव आम्ही त्याच संध्याकाळी गच्चीवर लाकडी पटावर मांडला. चाली अशा होत्या: १. डी४ ई५ २. प्याद्याने ई५ खाल्लं, घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह.

इथे थांबून मी त्याला विचारलं, "या वजिराने काय काय धरलंय?" त्याला फक्त शह दिसला होता. खरं तर तो वजीर तीन ठिकाणी बघतो: राजाला शह, त्याच रांगेतला एफ४ चा उंट आणि खाली बी२ चं प्यादं. पांढऱ्याने ५. उंट डी२ करून शह अडवला आणि उंटही वाचवला, ते बरोबरच होतं. काळ्याने वजिराने बी२ खाल्लं. आता ए१ च्या हत्तीवर मारा आला.

भाच्याची सहावी चाल होती उंट सी३. दिसायला फार छान. हत्ती झाकला गेला, उलट वजिरावरच हल्ला. पण काळ्याने शांतपणे उंट बी४ वर आणला. सी३ चा उंट आता राजासमोर जखडला गेला, तो वजिराला खाऊ शकत नाही. ७. वजीर डी२, उंटाने सी३ खाल्लं, ८. वजिराने सी३ वरचा उंट खाल्ला आणि काळा वजीर सी१ वर येऊन मात. राजाच्या भोवती स्वतःचीच मोहरी उभी होती, हलायला जागाच नव्हती.

या ओपनिंगला एंग्लंड गॅम्बिट म्हणतात; गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं बळी देणं. ऑनलाइन खेळात ती खूप दिसते, कारण हा सापळा नव्या माणसावर हमखास चालतो. पण दुरुस्ती बघा किती छोटी आहे. सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी३ वर आणायचा. बी१ वरचं घर मोकळं झालं की डी१ वर बसलेला आपला वजीर त्याच रांगेतून ए१ च्या हत्तीला राखतो. उंट डी२ वरच राहतो, म्हणून बी४ वर काळ्याचा उंट आला तरी काही बिघडत नाही. पुढे आपला हत्ती बी१ वर येऊन वजिराला हाकलणार, घोडा डी५ वर उडी मारून सी७ कडे बघणार. काळ्याची बाकीची मोहरी घरातच बसलेली. म्हणजे ज्या ठिकाणी पोरगा आठ चालींत मेला, तिथेच एक चाल वेगळी केली की डाव त्याच्या बाजूने झुकतो.

"एवढंच?" तो म्हणाला. हो, एवढंच. आणि हे एवढंच कळण्यासाठी हरलेला डाव परत उघडावा लागतो, जे बहुतेक लोक करत नाहीत. ते पुढचा डाव सुरू करतात.

दुसरी पायरी : नकोशी म्हणजे कोणत्या प्रकारची, ते ओळखा

सगळ्या नावडत्या ओपनिंग एकाच कारणाने नावडत्या नसतात, आणि इलाजही वेगवेगळा असतो.

काही ओपनिंग सापळ्याच्या. वर सांगितलेली त्यातलीच. सगळ्यात जास्त भेटणारा सापळा म्हणजे १. ई४ ई५ २. वजीर एच५. वजीर ई५ च्या प्याद्यावर आणि एफ७ वर बघतो. घाबरून लगेच जी६ करू नका. वजीर ई५ चं प्यादं शह देत खातो आणि त्याच तिरक्या रेघेत एच८ चा हत्तीही जातो. आधी घोडा सी६ करून ई५ राखा. ३. उंट सी४ आला की आता मात्र जी६. वजीर एफ३ वर जाऊन परत एफ७ कडे बघेल, तेव्हा घोडा एफ६. बघा, त्याचा वजीर दोनदा हलला आणि तुमची मोहरी बाहेर आली. इथून तुमचा डाव चांगला आहे.

दुसरा सापळा घोड्याचा. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ झाल्यावर पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो आणि उंट-घोडा मिळून एफ७ वर तुटून पडतात. उत्तर डी५ हेच. पण ५. ई-प्याद्याने डी५ खाल्ल्यावर घोड्याने परत खायचा मोह आवरा. पांढरा घोडा एफ७ वर स्वतःला झोकून देतो आणि तुमचा राजा मोकळ्या पटावर ओढला जातो. यालाच फ्राइड लिव्हर म्हणतात. त्याऐवजी घोडा ए५ करून त्याच्या उंटाला हाकला. एक प्यादं जाईल, पण तुमची मोहरी भराभर बाहेर येतात. आणि हे सगळं नकोच असेल तर तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी५ करा. मग जी५ वर आलेल्या घोड्याला तुमचा डी८ चा वजीर फुकट खातो. नव्या मुलांना मी हीच वाट आधी दाखवतो.

दुसरा प्रकार कंटाळ्याचा. इथे सापळा नाही, पण प्रत्येक डाव सारखाच दिसतो. लंडन सिस्टीम याची राणी: डी४, उंट एफ४, ई३, सी३, घोडा एफ३, उंट डी३, समोर काहीही असो. लोक म्हणतात, ही आळशी लोकांची ओपनिंग. मला हे पटत नाही. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात सहाव्या डावात चीनच्या डिंग लिरेनने लंडन खेळूनच नेपोम्नियाचीला हरवलं. पुढच्या वर्षी सिंगापूरला गुकेशविरुद्धही सहाव्याच डावात त्याने तेच मांडलं. ज्या ओपनिंगने जगज्जेतेपदाचे डाव खेळले जातात, तिला घाण म्हणणं म्हणजे अभ्यास टाळणं.

तिसरा प्रकार धसमुसळ्यांचा. प्यादं बळी देतात आणि अंगावर धावून येतात, किंग्ज गॅम्बिटसारखं. इथे नियम सोपा: प्यादं खाल्लं तरी चालेल, पण ते जपत बसू नका. मोहरी बाहेर काढा, कॅसलिंग करून राजा सुरक्षित करा आणि गरज पडली तर प्यादं परत देऊन टाका.

बाकी बी४, जी४ असल्या विचित्र पहिल्या चालींवर वेळ घालवू नका. मधली घरं घ्या. १. जी४ ला डी५ केलं की सी८ चा उंट लगेच जी४ च्या प्याद्यावर बघतो, आणि पांढऱ्याला दुसऱ्याच चालीपासून बचाव करावा लागतो.

तिसरी पायरी : दोन प्रश्नांशिवाय हात लावायचा नाही

समोर अनोळखी चाल आली की मनात दोन प्रश्न विचारा. या चालीने काय धमकावलं? आणि या चालीने काय सोडलं?

पहिला प्रश्न सगळे विचारतात, दुसरा फार कमी लोक. प्रत्येक मोहरं हललं की ते आधी राखत असलेलं काहीतरी मोकळं पडतं. स्कँडिनेव्हियन नावाच्या ओपनिंगमध्ये १. ई४ डी५ २. प्याद्याने खाल्लं, वजिराने परत खाल्लं. काळ्याचा वजीर मधोमध आला, धाक वाटतो. पण त्याने काय सोडलं? घरची सुरक्षित जागा. ३. घोडा सी३ करा, वजिराला पळावं लागतं आणि तुमचा घोडा फुकटात बाहेर आला. ओपनिंग खराब आहे असं नाही हं. १९९५ साली न्यू यॉर्कला कास्पारोव्हसमोर जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदनेही चौदाव्या डावात ती खेळली होती. तो डाव कास्पारोव्हने जिंकला, पण आनंदला ती खेळावीशी वाटली, एवढं तिचं वजन आहे. म्हणून चिडायचं नाही, प्रश्न विचारायचे.

तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये हे प्रश्न विचारायला वेळच नसतो. म्हणून नव्यांनी ब्लिट्झ आणि त्याहूनही झटपट असलेलं बुलेट काही महिने बाजूला ठेवावं. पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा, असा डाव लावा. तो जमत नसेल तर साधी दहा मिनिटं. दिवसाला दोन डाव पुरेत. रात्री जेवणानंतर वीस बुलेट खेळून माणूस शिकत नाही, फक्त डोळे दुखतात.

चौथी पायरी : त्रास देणारी ओपनिंग स्वतः खेळा

ही पायरी या लेखाचा जीव आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

मला लंडनने वर्षभर छळलं. काळ्याने खेळताना मी डी५, घोडा एफ६, ई६, उंट डी६ असं जे येईल ते करायचो आणि पंधराव्या चालीपर्यंत श्वास घ्यायला जागा उरायची नाही. व्हिडिओ बघितले, चाली पाठ केल्या, समोरच्याने क्रम बदलला की सगळं विसरायचं. शेवटी ठरवलं की पंधरा दिवस पांढऱ्याने फक्त लंडन खेळायचं. रेटिंगवर परिणाम नको म्हणून साधे, बिनरेटिंगचे डाव.

चौथ्या-पाचव्या डावातच एक गोष्ट कळली, जी कुठल्याच व्हिडिओतून कळली नव्हती. माझा उंट एफ४ ला निघून गेला की बी२ चं प्यादं उघडं पडतं. कुणीही सी५ करून लगेच वजीर बी६ वर आणला की माझ्या पोटात गोळा यायचा. मग ते प्यादं कसं राखायचं याच विचारात चाली जायच्या. ज्यांनी शांतपणे मोहरी मांडली, त्यांच्यासमोर मी आरामात खेळलो. ज्यांनी बी२ धरलं, त्यांच्यासमोर मला त्रास झाला.

म्हणजे मला काळ्याने काय करायचं ते माझ्या स्वतःच्या भीतीने सांगितलं. आता मी असं खेळतो: १. डी४ डी५ २. उंट एफ४ सी५ ३. ई३ घोडा सी६ ४. सी३ वजीर बी६. पांढऱ्याने वजीर बी३ वर आणला तर मी सी४ करतो. वजिरांची अदलाबदल झाली तर ए-प्याद्याने परत खायचं, माझ्या ए८ च्या हत्तीला आपोआप मोकळी रांग मिळते. अदलाबदल टाळून वजीर सी२ ला गेला तर उंट एफ५. आणि पांढऱ्याने तो उंट हावरटपणे खाल्ला तर वजीर बी२ वर उतरतो आणि ए१ चा हत्ती कोपऱ्यात सापडतो. या चाली मला पाठ कराव्या लागल्या नाहीत, कारण त्या कशासाठी आहेत हे मी दुसऱ्या बाजूने सोसलेलं होतं.

भाच्यालाही हेच लावलं. "डी४ बंद करू नको. उलट काळा असताना दहा वेळा तूच एंग्लंड खेळ." त्याला आश्चर्य वाटलं, पण खेळला. पहिले दोन डाव त्याने आठ-दहा चालींत जिंकले, फार खूश. तिसऱ्यात समोरच्याने घोडा सी३ केला. मग त्याचा वजीर पुढच्या सहा चाली नुसता पळत राहिला. डाव संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, हे तर आपलंच नुकसान करून घेण्यासारखं आहे." त्या दिवसापासून त्याला ई५ ची भीती वाटली नाही.

एक खबरदारी. हा सराव आहे, सवय नाही. सापळ्याच्या ओपनिंगवर कायमचं घर बांधलं तर रेटिंग एका जागी थांबतं, कारण थोडा वरचा खेळाडू ते सापळे ओळखतो. दहा-पंधरा डाव, मग परत आपल्या नेहमीच्या ओपनिंगवर. आणि नेहमीची म्हणजे किती? पांढऱ्याने एक, काळ्याने ई४ ला एक आणि डी४ ला एक. पहिल्या वर्षाला एवढ्या पुरतात.

पाचवी पायरी : वही

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक हरलेल्या डावाची एकच ओळ: तारीख, रंग, ओपनिंग, कितव्या चालीला गोंधळ झाला आणि तिथे काय करायला हवं होतं. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "काळा. लंडन. चाल ७. उंट घाईने दिला, आधी वजीर बी६."

योग्य चाल शोधताना लगेच इंजिनला, म्हणजे चाली काढून देणाऱ्या संगणक प्रोग्रामला, विचारू नका. आधी पाच मिनिटं स्वतः बघा, अंदाज लिहा, मग तपासा. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर विश्लेषण पूर्ण फुकट आहे, तिथे ओपनिंगचा कोशही आहे. त्यात मोठ्या खेळाडूंनी त्या जागी कोणत्या चाली केल्या ते दिसतं. इंजिन फक्त आकडा दाखवतं, कारण सांगत नाही. कारण तुम्हालाच शोधावं लागतं. महिन्याच्या शेवटी वही चाळा. माझा अनुभव असा की दहापैकी सहा-सात ओळी एकाच ओपनिंगच्या निघतात. मग पुढच्या महिन्यात कोणती ओपनिंग स्वतः खेळायची हे विचारायची गरजच राहत नाही.

सहावी पायरी : वरचढ खेळाडूसमोर बसताना

आता रेटिंगचं बोलू. रेटिंगची ही पद्धत आर्पाड एलो यांनी बसवली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन साइटवर त्याच विचाराच्या सुधारित पद्धती वापरतात. तिचं गणित असं सांगतं: समोरचा तुमच्यापेक्षा १०० ने वर असेल तर शंभर डावांत त्याला साधारण ६४ गुण मिळावेत, २०० ने वर असेल तर ७६, आणि ४०० ने वर असेल तर ९१. उलटून वाचा. दोनशेने वरच्या खेळाडूकडूनही शंभरात चोवीस गुण तुमचे आहेत. बरोबरीला अर्धा गुण धरून. म्हणजे चार डाव खेळलात तर एक गुण मिळायला हवा. तीन हरलात म्हणजे तुम्ही वाईट खेळलात असं नाही, ते अपेक्षितच होतं.

म्हणून डाव लावताना समोरच्याच्या रेटिंगची मर्यादा स्वतः ठरवा. खालून पन्नास, वरून दोनशे अशी ठेवा. चारशेने वरच्याबरोबर रोज खेळून काही कळत नाही, कुठे चुकलं तेच समजत नाही. आणि कायम आपल्यापेक्षा खालच्यांशी खेळलं तर चुका लपून राहतात. लिचेसवर सुरुवातीचं रेटिंग १५०० आणि शेजारी प्रश्नचिन्ह असतं. ते तुमचं खरं बळ नाही, पहिल्या काही डावांत ते खूप खालीवर होईल. घाबरू नका. आणि एका साइटचं रेटिंग दुसऱ्या साइटशी ताडून बघू नका, दोन्हींचे आकडे वेगळे पडतात.

समोर वरचा आकडा दिसला की नवा खेळाडू दोनपैकी एक चूक करतो. एक तर सगळी मोहरी भराभर अदलाबदल करून बरोबरी मिळेल अशी आशा धरतो. पण वरचढ खेळाडू एंडगेममध्येच, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यातच, तुमच्यापेक्षा जास्त बलवान असतो, त्याला तेच हवं असतं. नाही तर पाचव्या चालीला उंट बळी देऊन काहीतरी चमत्कार करायला जातो. दोन्ही टाळा. तुमची नेहमीची ओपनिंग खेळा, कॅसलिंग वेळेवर करा आणि प्रत्येक चालीआधी बघा: माझं कोणतं मोहरं कुणीच राखत नाहीये? आपल्या पातळीवरचे डाव खोल डावपेचांनी कमी आणि अशा उघड्या मोहऱ्यांनी जास्त हरले जातात. वरचा खेळाडू तुम्हाला फार मोठ्या युक्तीने हरवत नाही, तो फक्त ते उघडं मोहरं आधी बघतो.

आकडा बघून हात थरथरत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन रेटिंग दिसणंच बंद करा, लिचेसवर ती सोय आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने हे केलं आणि तिची पहिली मोठी जिंकलेली लढत तिला डाव संपल्यावर कळली.

बरोबरीची घाईही नको. वर सांगितलेल्या सिंगापूरच्या लंडनच्या डावात चाली परत परत खेळून बरोबरी घ्यायची संधी गुकेशला होती. त्याने ती टाळली आणि खेळत राहिला. डाव ४६ चालींनी बरोबरीत सुटला, पण तो जगज्जेत्यासमोर घाबरून उठला नाही. २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखने आपल्यापेक्षा वरच्या रेटिंगच्या खेळाडूंना एकामागून एक बाहेर काढलं आणि अंतिम फेरीत टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवलं. शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या, दोघंही २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघांत होते. आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मुलांना ही नावं दूरची वाटू नयेत.

कधीकधी समोरचा इतका अचूक खेळतो की शंका येते. असू शकतं, इंजिन वापरणारे लोक भेटतात. चॅटमध्ये भांडू नका. साइटवर तक्रारीचं बटण आहे, ते दाबा, तपासणी त्यांचं काम आहे. आणि लगेच वहीत ओळ लिहा, कारण तुमची चूकही त्या डावात असतेच. स्वतः मात्र कधीही मदत घेऊ नका, एका चालीचीही नाही. त्या डावातून मग काहीच उरत नाही.

सातवी पायरी : डाव कधी लावायचा नाही

लाइट जाण्याची वेळ ठाऊक असेल तर तेव्हा नको. नेट गेलं तरी घड्याळ चालूच राहतं, आणि समोरचा जिंकल्याचा दावा करू शकतो. भुसावळहून सुरतेच्या पॅसेंजरने नंदुरबारकडे जाताना मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, तिथे डाव लावून रेटिंग घालवू नका, कोडी सोडवा. कोड्याला समोरचा माणूस वाट बघत नसतो. लिचेसवर ओपनिंगनुसार कोडी निवडता येतात, तुम्हाला छळणारी ओपनिंग तिथे निवडून वीस मिनिटं बसा.

सलग दोन डाव हरलात तर त्या दिवशी बंद. तिसरा डाव रागाने खेळला जातो आणि रागाने खेळणारा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही, या चालीने काय सोडलं हा.

हिवाळ्यात बहीण परत आली. शेतात भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजायला टाकली होती, कळण्याच्या भाकरी चुलीवर होत्या. भाचा बांधावर बसून खेळत होता. समोरच्याचं रेटिंग याच्यापेक्षा तीनशेने वर. याने डी४ केलं, त्याने ई५. माझ्याकडे बघून पोराने हळूच विचारलं, "आते काय करू, मामा?" आणि स्वतःच हसला. प्यादं घेतलं, घोडा, उंट, शह, सगळं तसंच झालं. सहाव्या चालीला तो थांबला. ए१ च्या हत्तीवर बोट ठेवून डी१ पर्यंत रांग मोजली आणि घोडा सी३ वर ठेवला.

डाव तो हरला, ४१व्या चालीला, हत्तींच्या एंडगेममध्ये. मोबाइल पालथा टाकला नाही. दप्तरातून वही काढली आणि लिहिलं: "पांढरा. एंग्लंड ठीक. चाल ४१, हत्ती मागून लावायला हवा होता. मामाला विचारणे." मग भरीत तयार झाल्याची हाक आली.